हिब्रूतील भावरूपे : एका व्याकरणसंज्ञेचा इतिहास

दावीद राजाने केलेल्या शिरगणतीची हकीकत हिब्रू बायबलात दोन वेळा आली आहे. एकदा शमुवेलाच्या दुसऱ्या पुस्तकाच्या 24व्या अध्यायात आणि पुन्हा इतिहासाच्या पहिल्या पुस्तकाच्या 21व्या अध्यायात. दोन्ही ठिकाणी गाद नावाच्या द्रष्ट्याला राजाकडे जाऊन बोलण्याची आज्ञा होते. आज्ञेचा मजकूर जवळजवळ शब्दशः एकच आहे; केवळ 'जा' या अर्थाचा शब्द बदलला आहे. शमुवेलाच्या पुस्तकात तो 'हालोख्' असा आहे, तर इतिहासाच्या पुस्तकात 'लेख्' असा. यांपैकी 'लेख्' हे आज्ञार्थाचे सरळ एकवचनी रूप होय. 'हालोख्' या रूपाला पुरुष नाही, वचन नाही, काळ नाही. त्याचा शब्दशः अर्थ 'जाणे' एवढाच. म्हणजे जुन्या ग्रंथात द्रष्ट्याला जी आज्ञा मिळते तिचा घाट, शिवकालीन व पेशवेकालीन पत्रांत आपण 'सत्वर येणे', 'उत्तर पाठविणे' असे वाचतो, तसा आहे. सामान्यतः इसवी सनपूर्व चौथ्या शतकाच्या सुमारास होऊन गेलेल्या इतिहासलेखकाला हा घाट एकतर परका वाटला असावा, नाहीतर आपल्या वाचकांना तो परका वाटेल असे त्याला वाटले असावे. त्याने तो बदलला.

एका शब्दाच्या या बदलावरून काय निष्पन्न होते, हा प्रश्न दिसतो तितका क्षुल्लक नाही. 'हालोख्' हे जुन्या भाषेतील जिवंत क्रियारूप होते, की नकलकाराच्या हातून घडलेली चूक? हिब्रू ग्रंथात अशा जागा बऱ्याच आहेत, आणि प्रत्येक जागी संपादकाला हाच निर्णय करावा लागतो : पाठ राखावयाचा की दुरुस्त करावयाचा. हा निर्णय निरनिराळ्या काळांत निरनिराळा झाला. आणि तो करणारे पंडित हिब्रूकडे पाहत असताना बहुधा दुसऱ्याच एखाद्या भाषेच्या व्याकरणातून पाहत होते. प्रस्तुत निबंधात त्या इतिहासाचा मागोवा घ्यावयाचा आहे.

प्रथम रूपांचा परिचय करून घेणे अवश्य आहे. हिब्रूत ज्यांना युरोपीय व्याकरणकार 'इन्फिनिटिव्ह' म्हणतात अशी रूपे प्रत्येक धातूस दोन असतात. 'राखणे' या अर्थाच्या श-म-र या धातूची ती 'शामोर्' आणि 'श्मोर्' अशी होतात. पहिल्याला उपसर्ग वा सर्वनामप्रत्यय लागत नाही. ते सुटे उभे राहते. दुसऱ्याला 'ब', 'क', 'ल', 'मिन्' ही शब्दयोगी अव्यये आरंभी जोडली जातात आणि सर्वनामप्रत्यय शेवटी लागतात. 'लिश्मोर्' म्हणजे 'राखावयास', 'शोम्री' म्हणजे 'माझे राखणे'. युरोपात पहिल्यास 'अब्सोल्यूट' व दुसऱ्यास 'कन्स्ट्रक्ट' अशी नावे रूढ झाली. हिब्रूतील स्वतःच्या संज्ञा 'माकोर् मुख्लाट्' व 'माकोर् नाटूय्' अशा असून, नाटूय् म्हणजे ज्याला विकार होतो ते. मराठीत 'अविकारी भावरूप' व 'विकारी भावरूप' असे म्हटल्यास ही दुसरी परंपरा अधिक नेमकी उतरते, म्हणून पुढे त्याच संज्ञा योजिल्या आहेत.

अविकारी भावरूपाचे व्यवहार मुख्यतः तीन. एक, त्याच धातूच्या पुरुषवाचक क्रियापदालगत येऊन अर्थास जोर देणे. 'शामोर् तिश्मोर्' म्हणजे शब्दशः 'राखणे राखशील', तात्पर्य 'खचित राखशील'. संस्कृताच्या अभ्यासकाला येथे णमुल् प्रत्ययाची आठवण होईल. 'समूलघातं हन्ति' यासारख्या प्रयोगांत णमुलन्तानंतर त्याच धातूचे क्रियापद यावे असा नियम पाणिनीने 3.4.46 या सूत्रात घालून दिला आहे. दोन्ही प्रयोग अगदी एक नव्हेत, कारण संस्कृतात उपपदाची अट आहे. तरीही धातूची द्विरुक्ती करून क्रिया दृढ करण्याची प्रवृत्ती दोहोंत समान आहे. दुसरा व्यवहार आज्ञेचा, जो वर पाहिला. शब्बाथ पाळण्याची आज्ञा निर्गमाच्या 20व्या अध्यायात 'झाखोर्' (स्मरणे) या शब्दाने सुरू होते व अनुवादाच्या 5व्या अध्यायात 'शामोर्' या शब्दाने. दोन्ही अविकारी भावरूपेच आहेत. तिसरा व्यवहार सर्वांत वादग्रस्त : आधीच्या क्रियापदाने काळ व कर्ता निश्चित केल्यावर पुढील क्रिया नुसत्या भावरूपाने सांगणे, जणू 'त्याने दार उघडले, आत येणे, बसणे'. क्वचित असे रूप स्वतःचा कर्ताही सोबत घेऊन येते.

येथे लिपीची अडचण ध्यानात घेतली पाहिजे, कारण पुढील सर्व वाद तिच्यावर उभा आहे. प्राचीन हिब्रू लेखन मुख्यतः व्यंजनांचे होते. स्वरचिन्हे लावण्याचे काम इसवी सनाच्या सातव्या ते दहाव्या शतकांत, विशेषतः तिबेरिया येथील मासोरा पंडितांनी केले. नुसती श-म-र ही तीन अक्षरे पाहिली तर 'शामोर्' (राखणे), 'श्मोर्' (राखण्याचे विकारी रूप), 'श्मोर्' (राख, आज्ञार्थ) आणि 'शामर्' (त्याने राखले) या चारांपैकी कोणते रूप अभिप्रेत आहे हे अक्षरांवरून कळत नाही. परंतु ज्या धातूंचे आद्य व्यंजन दुर्बळ असते तेथे अक्षरेच साक्ष देतात. 'देणे' या अर्थाच्या न-त-न धातूचे अविकारी रूप 'नातोन्', विकारी 'तेत्' आणि आज्ञार्थ 'तेन्'. ह-ल-ख धातूची तीच रूपे 'हालोख्', 'लेखेत्' व 'लेख्'. येथे मासोरा पंडितांवर विसंबण्याचे कारण उरत नाही. शमुवेल व इतिहास यांतील भेद आपल्याला दिसतो तो यामुळेच. क्रिया 'जाण्या'ऐवजी 'राखण्या'ची असती तर तो भेद बहुधा कोणाच्या नजरेस आला नसता. भावरूपांचा इतिहास रचावयाचा तर तो दुर्बळ धातूंच्या साक्षीवर रचावा, सबळ धातूंच्या स्वरचिन्हांवर नव्हे, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

आता कालक्रम. बायबलाच्या उत्तरकालीन ग्रंथांत अविकारी रूपाचा वापर विरळ होत जातो, पण सरसकट नाहीसा होत नाही. एस्तेर व जखऱ्या यांच्या पुस्तकांत पुरुषवाचक क्रियापदाच्या जागी आलेली काही अविकारी रूपे आहेत, आणि राजांच्या पहिल्या पुस्तकातील 22:30 या वचनात वेषांतर करून लढाईस जाण्याविषयी इस्राएलचा राजा जी दोन भावरूपे उच्चारतो, ती इतिहासाच्या दुसऱ्या पुस्तकात (18:29) जशीच्या तशी राहिली आहेत. तेव्हा इतिहासलेखकाने हा प्रयोग सर्वत्र पुसून टाकला असे म्हणता येणार नाही. 1947 मध्ये मृत समुद्राकाठी सापडलेल्या यशयाच्या मोठ्या गुंडाळीत मात्र काही ठिकाणी अविकारी रूपाच्या जागी सरळ आज्ञार्थ वा अन्य रूप घातलेले आढळते. यखेज्केल कुचर यांनी 1959 मध्ये त्या गुंडाळीच्या भाषेचा जो विस्तृत अभ्यास प्रसिद्ध केला त्यात अशा बदलांची नोंद आहे.

मिश्नेच्या भाषेत, म्हणजे इसवी सन 200च्या सुमारास ग्रथित झालेल्या हिब्रूत, अविकारी रूप व्यवहारातून गेलेले आहे. उरते ते विकारी रूप, आणि तेही 'ल' या अव्ययाशी इतके एकजीव झालेले की ते सुटे येतच नाही. ज्याला 'पासून' म्हणावयाचे त्यालाही आता 'मि' पुढे 'ल' ठेवावा लागतो. म्हणजे मूळचे शब्दयोगी अव्यय शब्दाचाच अवयव बनले. वैदिक भाषेत '-तवे', '-ध्यै' इत्यादी चतुर्थ्यर्थी रूपे आणि पुढे द्वितीयेतून आलेले '-तुम्' ज्या रीतीने गोठली तीच ही प्रक्रिया. रूपेही नव्याने घडली. बायबलातील 'लातेत्', 'लादअत्', 'लालेखेत्' यांच्या जागी मिश्नेत 'लित्तेन्', 'लेदअ', 'लेलेख्' अशी रूपे दिसतात. ती 'यित्तेन्', 'येदअ', 'येलेख्' या अपूर्णकाळी क्रियापदांच्या सादृश्याने बनविलेली आहेत. मिश्नेची भाषा ही पंडितांनी बनविलेली कृत्रिम भाषा नसून बोलीच्या आधारावरील स्वाभाविक अवस्था आहे, असे मोझेस सेगल यांनी 1908 च्या आपल्या निबंधात व पुढे 1927 च्या व्याकरणात प्रतिपादिले, त्याच्या आधारांत अशी रूपेही येतात. कृत्रिम भाषा बनविणाऱ्याने 'लातेत्' हे पवित्र ग्रंथातील रूप सोडून 'लित्तेन्' कशाला योजिले असते?

बोलीतून अविकारी रूप गेले याचा परिणाम केवळ व्याकरणापुरता राहिला नाही. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकाच्या पूर्वार्धातील दोन आचार्य, रब्बी अकीवा आणि रब्बी इश्माएल, यांचा प्रसिद्ध मतभेद येथेच आहे. एका वचनात दंड सांगताना धातू दोनदा आला आहे, अविकारी रूपाने व पुन्हा क्रियापदाने. अकीवाने त्यातून दोन अर्थ काढले : एक इहलोकासंबंधी व दुसरा परलोकासंबंधी. इश्माएलचे म्हणणे असे की, शास्त्र मनुष्यांच्या बोलण्याच्या रीतीला धरून आहे. मनुष्ये जोर देण्यासाठी शब्द दोनदा उच्चारतात, तेवढ्यावर नवा नियम उभारू नये. तालमूदात हा वाद सन्हेद्रिन प्रकरणात नमूद आहे. अकीवाची दृष्टी धर्मशास्त्रीय होती यात संशय नाही. पण ज्या पिढीच्या तोंडी 'शामोर् तिश्मोर्' ही रचना उरली नव्हती त्या पिढीला पहिला शब्द अधिकचा, म्हणून सहेतुक, वाटावा हेही स्वाभाविक होते. 'झाखोर्' व 'शामोर्' हे दोन्ही शब्द एकाच उच्चारात प्रकट झाले असे तालमूद सांगते, तर शोमरोनी परंपरेच्या पंचग्रंथीत दोन्ही ठिकाणी 'शामोर्' असाच पाठ आहे. एका भावरूपाने किती भार वाहिला हे यावरून दिसावे.

व्याकरण या शास्त्राचा प्रारंभ हिब्रूत अरबीच्या छत्राखाली झाला. फय्यूम येथे जन्मलेला सादिया गाओन (882–942) याने हिब्रूचे पहिले व्याकरण लिहिले ते अरबी भाषेत. अरबी व्याकरणात क्रियेच्या भाववाचक नामास 'मस्दर' म्हणतात; शब्दाचा अर्थ उगमस्थान. बसरा येथील वैयाकरणांच्या मते मस्दर हे मूळ आणि क्रियापद त्यापासून निघालेले; कूफा येथील पक्ष याच्या नेमका उलट. नाम आधी की आख्यात आधी, हा यास्काच्या निरुक्तात शाकटायन व गार्ग्य यांच्या नावाने आलेला वाद ज्यांना ठाऊक आहे, त्यांना बगदादच्या या चर्चेत फारसे अनोळखी काही वाटणार नाही. हिब्रू वैयाकरणांनी मस्दर या शब्दाचे भाषांतर 'माकोर्' म्हणजे झरा, उगम असे केले, आणि ती संज्ञा आजतागायत टिकली. संज्ञेबरोबर सिद्धान्तही आला. यरुशलेम येथील कराई पंथाच्या वैयाकरणांत हा बदल स्पष्ट दिसतो. दहाव्या शतकातील यूसुफ इब्न नूह क्रियारूपांचा मूळ घटक म्हणून आज्ञार्थ घेत असे. त्याच्या पुढच्या पिढीतील अबू अल्-फरज हारून याने, ज्याचा मोठा ग्रंथ 1026 मध्ये पुरा झाला, ते स्थान बसऱ्याच्या मतानुसार भावनामाला दिले. सबळ धातूंत आज्ञार्थ आणि विकारी भावरूप हुबेहूब एक असल्यामुळे इब्न नूहची पद्धती व्यवहारात काही वाईट नव्हती. अबू अल्-फरजाच्या पद्धतीचा लाभ सिद्धान्ताच्या बाजूने अधिक, असे वाटते.

खरा शोध लागला स्पेनमध्ये. दहाव्या शतकाच्या उत्तरार्धात फेझहून कोर्दोबास आलेल्या यहूदा हय्यूज याने प्रत्येक हिब्रू धातू तीन व्यंजनांचा असतो हे तत्त्व प्रस्थापित केले. त्यापूर्वी मेनाहेम बेन सारूकसारखे कोशकार एकाक्षरी व द्व्यक्षरी धातूही मानीत. त्यांच्या हिशेबाने 'तेत्' आणि 'नातोन्' या एकाच क्रियेच्या दोन रूपांचा परस्परसंबंध सांगणे दुरापास्त होते. हय्यूजनंतर तो शाळेतील विद्यार्थ्यालाही सांगता येऊ लागला. सारागोसा येथील योना इब्न जनाह याने अकराव्या शतकात हेच कार्य पुढे नेले. त्याचा अरबी ग्रंथ यहूदा इब्न तिब्बोन याने हिब्रूत आणला, आणि नार्बोनच्या दावीद किम्ही (सु. 1160–1235) याच्या 'मिख्लोल' या ग्रंथातून ती परंपरा युरोपातील ख्रिस्ती अभ्यासकांपर्यंत पोहोचली. मात्र अरबीतून आलेल्या मस्दर-कल्पनेत एक उणीव होती. मस्दर हे नाम आहे. हिब्रूचे अविकारी रूप वाक्यात क्रियापदाचे काम करते, हे त्या चौकटीत बसविणे अवघड होते. तेथे मग 'अमुक क्रियापद अध्याहृत धरावे' असा तोडगा काढावा लागे.

योहान रॉयख्लिन याचे हिब्रू व्याकरण 1506 मध्ये फोर्झहाइम येथे निघाले, आणि अरबीची जागा लॅटिनने घेतली. या टप्प्याविषयी फार लिहिण्याजोगे नाही. लॅटिनच्या चौकटीतून 'इन्फिनिटिव्ह' हे नाव मिळाले; त्याचा आशय 'पुरुषवचनांनी अमर्यादित' असा असल्याने ते मस्दरापेक्षा एका परीने बरे म्हणावयास हरकत नाही. हानी झाली ती जोडीला आलेल्या 'अब्सोल्यूट' आणि 'कन्स्ट्रक्ट' या विशेषणांनी. ही विशेषणे नामांच्या प्रकरणातून उचललेली आहेत. हिब्रूत 'दाबार्' (शब्द) या नामापुढे षष्ठ्यर्थी नाम आले की त्याचे 'द्बर्' होते. एकाच नामाच्या या दोन अवस्था. त्याच नमुन्यावर 'शामोर्' व 'श्मोर्' याही एकाच रूपाच्या दोन अवस्था असाव्यात, असा समज नावांनीच रुजविला. विल्हेल्म गेझेनियस (1786–1842) याचे 1813 पासून पुनःपुन्हा छापले गेलेले व्याकरण ज्यांनी पाठ केले, त्या अनेक पिढ्यांनी हा समज सहज स्वीकारला.

तौलनिक सेमिटिक भाषाशास्त्राने तो मोडून काढला. 'शामोर्' मधील ओकार हा मूळच्या दीर्घ आकारापासून आलेला आहे. कनानी शाखेत दीर्घ 'आ' चा 'ओ' होतो हा सुस्थापित नियम आहे. मूळ घाट 'कताल्' असा, आणि अक्कादी भाषेतील भावरूप 'परासुम्' याचाही घाट तोच. उलट 'श्मोर्' मधील ओकार ऱ्हस्व उकारापासून आलेला असून, 'शोम्री' यासारख्या सप्रत्यय रूपात तो जागा बदलून पुढे येतो. तेव्हा ही एका नामाची दोन अंगे नव्हेत. ती दोन वेगळी कुळे आहेत, एका छपराखाली नांदणारी. नावे मात्र अजून जुनीच चालतात. व्याकरणात संज्ञा बदलणे हे सिद्धान्त बदलण्याहून कठीण असते.

पाठनिर्णयाच्या प्रश्नावर याचा परिणाम काय झाला? एकोणिसाव्या शतकातील टीकाकारांपुढे जेव्हा कर्त्यासह आलेले अविकारी रूप उभे राही, तेव्हा त्यांतील अनेकांचा हात लेखणीकडे जाई. उपदेशकाच्या पुस्तकात (4:2) 'शब्बेअह्' हे 'प्रशंसा करणे' अशा अर्थाचे रूप 'मी' या सर्वनामासह येते. हे भावरूप असूच शकत नाही, आद्य मकार गळालेले कर्तृवाचक धातुसाधित असावे, असे काहींनी सुचविले. 'भावरूप म्हणजे नाम. नामाला कर्ता कसा?' असा हा तर्क. तर्क निर्दोष होता. गृहीत चुकीचे होते.

गृहीत चुकीचे ठरविले ते जमिनीखालून निघालेल्या लेखांनी. 1946 मध्ये दक्षिण तुर्कस्तानातील कारातेपे येथे हेल्मूट बोसर्ट यांना फिनिशियन व चित्रलिपीतील लुवी अशा दोन भाषांतील मोठा शिलालेख सापडला. काळ इसवी सनपूर्व आठवे शतक. त्यात अझितवद्द नावाचा अधिपती आपली कृत्ये प्रथमपुरुषी सांगतो. पण क्रियापदांना प्रथमपुरुषाचा अपेक्षित प्रत्यय कित्येक ठिकाणी नाही. नुसते रूप आणि पुढे 'अनोख्', म्हणजे 'मी'. बहुसंख्य अभ्यासकांनी ही अविकारी भावरूपेच मानली आहेत. फिनिशियन लेखनही स्वररहित असल्यामुळे काही शंका राहते. परंतु ती 1950 मध्ये विल्यम मोरन यांनी बव्हंशी दूर केली. ईजिप्तमधील अमार्ना येथे 1887 मध्ये मिळालेल्या इसवी सनपूर्व चौदाव्या शतकातील पत्रांत बिब्लोस नगरीचा अधिपती रिब-हद्द याची अनेक पत्रे आहेत. ती अक्कादीत लिहिली असली तरी लेखकाची मातृभाषा कनानी असल्याने तिची वाक्यरचना पदोपदी डोकावते. या पत्रांत भावरूप पुरुषवाचक क्रियापदाच्या जागी येते हे मोरन यांनी दाखविले. आणि कीलाक्षर लिपी स्वर लिहिते, त्यामुळे रूप ओळखण्यास मासोरा पंडितांची वा कोणाच्याही अनुमानाची गरज उरली नाही. हिब्रूतील संशयित प्रयोग हा नकलकारांचा प्रमाद नसून कनानी भाषांचा जुना वारसा आहे, हे यावरून सिद्ध होते.

पण ज्ञानाची लाट आली की ती किनारा ओलांडते. 1956 मध्ये जॉन ह्यूसमन यांनी दोन लेख लिहून असे प्रतिपादन केले की, बायबलात आज निराळ्या स्वरचिन्हांनी वाचली जाणारी बरीच क्रियापदे वस्तुतः अविकारी भावरूपे आहेत. काल ज्याला चूक म्हणून काढून टाकीत, तेच आज सर्वत्र दिसू लागले. ह्यूसमन यांची उदाहरणे तपासता, त्यांचे बळ सबळ धातूंत अधिक व दुर्बळ धातूंत कमी आहे असे आढळते. म्हणजे जेथे अक्षरे मूक आहेत तेथे सिद्धान्त बोलका होतो. हे लक्षण चांगले नव्हे.

या दृष्टीने नेगेवमधील अराद येथील खापरांवरचे लेख फार मोलाचे आहेत. योहानान अहारोनी यांनी 1962 पासून चालविलेल्या उत्खननात इसवी सनपूर्व 600च्या सुमाराचा एक छोटा दप्तरसंग्रह मिळाला. एल्याशीब नावाच्या अधिकाऱ्यास वरिष्ठांकडून आलेले हे हुकूम आहेत : 'कित्ती' म्हणविणाऱ्या लोकांना, जे बहुधा भाडोत्री सैनिक असावेत, इतका द्राक्षारस, इतके पीठ, इतके तेल द्यावे. 'द्यावे' यासाठी यांतील कित्येक लेखांत न-त-न अशी तीन अक्षरे आहेत. आज्ञार्थ असता तर आद्य नकार गळून त-न एवढेच राहिले असते, आणि त्याच संग्रहातील दुसऱ्या काही लेखांत तसे त-न आहेही. म्हणजे एकाच ठाण्यात, एकाच अधिकाऱ्याच्या नावे, 'तेन्' (दे) आणि 'नातोन्' (देणे) हे दोन्ही घाट चालू होते. येथे पवित्र ग्रंथ नाही, मासोरा नाही, नकलकारांची परंपरा नाही; शाईने खापरावर लिहिलेला कोठीचा हुकूम आहे. शमुवेलाच्या पुस्तकातील 'हालोख्' हा पाठ राखावा की दुरुस्त करावा, याचे उत्तर या खापरांनी दिले आहे. त्याचबरोबर प्रत्येक संदिग्ध रूप भावरूप मानण्याचा मोह आवरावा, हेही त्यांतील 'तेन्' सांगते.

मराठीचा या विषयाशी संबंध केवळ तुलनेपुरता नाही. 1829 मध्ये मुंबईस आलेले स्कॉटिश मिशनरी जॉन विल्सन यांनी 1832 मध्ये हिब्रू व्याकरणाची प्राथमिक पुस्तिका मराठीत प्रसिद्ध केली, ती कोकणातील बेने इस्राएल समाजासाठी. दादोबा पांडुरंगांचे मराठी व्याकरण निघाले 1836 मध्ये. म्हणजे मराठीच्या व्याकरणसंज्ञा स्थिरावण्यापूर्वीच हिब्रूचे व्याकरण मराठीत सांगण्याचा प्रयत्न झाला होता. पुढे 1846 मध्ये मुंबईत वल्हांडणाची हग्गादा मराठी भाषांतरासह शिळाप्रेसवर छापली गेली, आणि जोसेफ यहेज्केल राजपूरकर (1834–1905) यांनी हिब्रू प्रार्थनाग्रंथ मराठीत आणण्यात आपली हयात वेचली. भाषांतरकारास इंग्रजीच्या मध्यस्थीची गरज येथे फारशी नव्हती. 'लेमोर्' हेच पाहावे. 'बोलणे' या धातूच्या विकारी रूपाला 'ल' जोडून बनलेला हा शब्द बायबलात नऊशेहून अधिक वेळा, दुसऱ्याचे भाषण सांगताना येतो. इंग्रजीला त्यासाठी स्वतंत्र धातुसाधित शोधावे लागते आणि वाक्य अवघडते. मराठीत 'म्हणून' आहे : तेही 'म्हणणे' या क्रियेचेच गोठलेले रूप, तेही अवतरण सांगणारे. फरक इतकाच की 'लेमोर्' अवतरणापूर्वी येते आणि 'म्हणून' त्यानंतर. आज्ञावाचक '-णे' जुन्या दप्तरांत होतेच. 'शामोर् तिश्मोर्' या द्विरुक्तीला मात्र मराठीत थेट जोड नाही. '-च' या अव्ययाने किंवा 'खचित', 'अवश्य' अशा शब्दांनी ती भागवावी लागते, आणि अकीवा व इश्माएल यांचा सारा वाद भाषांतरात अदृश्य होतो.

1948 नंतर बेने इस्राएल समाजातील बहुसंख्य लोक इस्राएलमध्ये स्थायिक झाले, आणि प्रार्थनेतील हिब्रूऐवजी त्यांना बोलीतील हिब्रू शिकावी लागली. ह्या नव्या हिब्रूने भावरूपांची जी निवड केली आहे ती मिश्र आहे. 'देणे', 'जाणे', 'जाणणे' यांसाठी तिने मिश्नेची रूपे टाकून बायबलातील 'लातेत्', 'लालेखेत्', 'लादअत्' ही घेतली. पण 'बोलणे' यासाठी मिश्नेतील 'लोमर्' स्वीकारले आणि बायबलातील 'लेमोर्' केवळ 'म्हणजे' अशा अर्थाने बाजूला ठेवले. अविकारी भावरूप आज लेखनातील भारदस्त शैलीपुरते उरले आहे. परंतु त्याने सोडलेली आज्ञेची जागा रिकामी राहिलेली नाही. इस्राएलमधील सार्वजनिक ठिकाणच्या पाट्यांवर धूम्रपानाचा निषेध 'लो लेअश्शेन्' असा लिहिलेला असतो, म्हणजे शब्दशः 'धूम्रपान करावयास नाही'. रूप विकारी, 'ल'सह. काम मात्र अरादच्या कोठारातील 'नातोन्'चे.